सोलापुरात राहून पुस्तकांची चित्रे काढताना

प्रश्न असा आहे: जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका पूर्ण करून दोन वर्षे झालेली, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी एक तरुण चित्रकर्ती विचारते की, नोकरी न धरता केवळ पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची चित्रे काढून इथे राहता येईल का, चित्र सुचण्याची काही रीत असते का, एका पुस्तकाला किती वेळ लागतो आणि पैसे कसे ठरवावेत. मी गेली २१ वर्षे हेच काम सोलापुरातून करतो आहे, त्यामुळे जे खात्रीने सांगता येईल ते सविस्तर सांगतो.

आधी सरळ उत्तर देतो. हो, राहता येते. मात्र पहिली तीन-चार वर्षे केवळ चित्रांवर घर चालत नाही, हे धरून त्या काळासाठी दुसरा आधार ठेवावा, आणि तो शक्यतो हाताला वळण लावणारा असावा. शाळेत चित्रकला शिकवणे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वर्ग घेणे, फलक आणि पत्रिका करणे, हे मार्ग आपल्याकडे अनेकांनी धरलेले आहेत. माझा आधार होता चादरीच्या कारखान्यातला ग्राफ.

आज हे काम संगणकावर होते, पण त्या कारखान्यात तेव्हा ते अजून हाताने चालत असे. मोठ्या ग्राफ कागदावर आधी पेन्सिलीने नक्षी काढायची आणि मग एकेक चौकोन पोस्टर कलरने भरायचा. प्रत्येक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. ग्राफवर जिथे रंग, तिथे मागावरच्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याला भोक, आणि भोक असले की हूक वर जाऊन तेवढा उभा धागा उचलला जातो. एक चौकोन चुकला तर ती चूक नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा चादरभर उमटते. मोराच्या मानेची गोलाई चौकोनांत बसवताना पायऱ्या पडतातच. आमचे मास्तर ग्राफ तपासताना फारसे बोलत नसत. पेन्सिलीचे टोक त्या पायऱ्यांवरून अलगद फिरवत आणि हात जिथे अडखळेल तिथे थांबत. तीन, दोन, दोन, एक, एक, एक, दोन असे चौकोन पडले की मान वळते, आणि तीन, एक, तीन असे पडले की मोडते, हे मी त्यांच्या बोटाकडे पाहून शिकलो. पुठ्ठे एकदा पंच झाले की दुरुस्ती महागात पडते, म्हणून सगळा विचार ग्राफवरच संपवावा लागे. पुस्तकाच्या चित्रांच्या बाबतीत मला जे सांगायचे आहे ते या सवयीतूनच आले आहे. या व्यवसायातले निम्म्याहून अधिक काम रंगाला हात लावण्याआधी करायचे असते, आणि ते आधीचे काम ज्याने टाळले त्याचे चित्रही बिघडते आणि हिशेबही.

संहिता हाती आली की पहिले दोन दिवस मी पेन्सिल घेत नाही. पहिले वाचन साधे, वाचक म्हणून. दुसऱ्या वाचनात समासात खुणा करतो: प्रसंग दिवसाच्या कोणत्या वेळी घडतो, ऋतू कोणता, माणसांची वये काय, कोणाच्या हातात काय आहे, आधीच्या पानावर अनवाणी असलेला मुलगा पुढच्या पानावर चप्पल घालून तर येत नाही ना. तिसऱ्या वाचनात लेखकाने काय लिहिलेले नाही, त्याची यादी करतो. चित्राची जागा तिथे असते. समजा, वाक्य आहे, ‘आजी खूप रागावली.’ भुवया ताणलेली आजी काढली तर वाक्य दुसऱ्यांदा सांगितल्यासारखे होते आणि पान वाया जाते. त्याऐवजी आजी पाठमोरी बसून भाकरी थापते आहे, शेजारी नातवाचे ताट पालथे ठेवलेले आहे आणि नातू उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर असा उभा आहे, असे काढले तर लहान मूल त्या पानावर थांबते आणि राग किती मोठा आहे हे स्वतः ओळखते.

यासाठी प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गोष्ट आली होती, ज्यात एक मुलगा ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून गोफणीने पाखरे राखतो. ज्वारी मी लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे मी घरी बसूनच कच्ची रेखाटने केली: हिरवेगार शेत, ओली माती, मागे भरून आलेले आभाळ. पाठवण्याआधी सहज म्हणून जानेवारीत मंगळवेढा तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या शेतावर गेलो, आणि माझे जवळजवळ प्रत्येक रेखाटन चुकलेले आहे हे पहिल्या तासाभरात लक्षात आले. तिथली मालदांडी ज्वारी हे रब्बीचे पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले हे पीक काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. कणीस भरते तेव्हा पाऊस नसतो, खालची पाने वाळू लागलेली असतात आणि जमिनीला बोटे जातील अशा भेगा पडलेल्या असतात. माळ्यावर चढून बसल्यावर आणखी एक गोष्ट कळली. वरून ताटे दिसतच नाहीत. दिसतो तो कणसांचा एक सलग पसारा, आणि त्यावर पाखरांचा थवा डोळ्यांच्या पातळीला येतो. मी शेत बांधावरून पाहिले होते, गोष्टीतला मुलगा मात्र ते वरून पाहत होता. गोफणीचेही तसेच झाले. तिचे एक टोक बोटात अडकवलेले राहते आणि दुसरे सुटते, तेव्हा दगड जातो. माझ्या रेखाटनात दगड हवेत होता आणि दोन्ही टोके मुठीतच होती. ते चित्र तसेच छापले गेले असते तर खेड्यातल्या कोणत्याही मुलाने पाहताक्षणी पुस्तक बाजूला ठेवले असते, आणि त्याने तसे करणे योग्यच ठरले असते. शेवटी त्या पुस्तकातले मधले दुपानी चित्र मी माळ्यावरूनच रचले. माझ्या मते ते माझ्या सगळ्या कामातले सर्वांत चांगले पान आहे.

म्हणून वही जवळ असू द्या. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्या माणसाची पाठ कशी कलते, त्याच्या पांढऱ्या बाराबंदी अंगरख्याला कुठे चुण्या पडतात, तलावाच्या काठावर बसलेली माणसे गुडघे कसे धरतात, हे छायाचित्रातून कळत नाही, कारण वजन कुठे आहे हे छायाचित्र सांगत नाही. हल्ली काही ग्राहक संगणकाने आपोआप तयार केलेली चित्रे ‘नमुना’ म्हणून पाठवतात. त्यांत नऊवारी असते, पण काष्टा कुठून निघाला आणि कुठे खोचला याचा मेळ लागत नाही. अशा नमुन्यावरून काम करण्यास मी नम्रपणे नकार देतो आणि स्वतः पाहून केलेली दोन रेखाटने पाठवतो. बहुतेक वेळा तेवढ्याने विषय मिटतो.

आता डमीविषयी, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्याविषयी. पुस्तक छापखान्यात फर्म्यांनी, म्हणजे एका मोठ्या कागदावर अनेक पाने एकत्र, असे छापले जाते, आणि १६ पानांचा फर्मा ही आपल्याकडची रुळलेली पद्धत असल्यामुळे मुलांची पुस्तके १६, २४ किंवा ३२ पानांची होतात. शीर्षकाची, प्रकाशनाच्या तपशिलाची अशी पाने वजा जाता २४ पानांच्या पुस्तकात गोष्टीसाठी २०-२१ पानेच उरतात. मी साधे कागद दुमडून, मधोमध शिवून पुस्तकाच्या आकाराची वही करतो आणि त्यात अंगठ्याएवढी रेखाटने भरतो. एका बैठकीत पूर्ण पुस्तक भरायचे, आवडले नाही तर दुसरी वही शिवायची. अशा चार-पाच वह्या सहज होतात. पान उलटताना काय उघडले पाहिजे हे डमीशिवाय समजत नाही. उत्सुकता वाढवणारा प्रसंग उजव्या पानावर संपला पाहिजे आणि त्याचे उत्तर पान उलटल्यावर दिसले पाहिजे. मजकुराची जागाही इथेच ठरते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकारांना जागा लागते, त्यामुळे ओळींमधले अंतर सैल ठेवावे लागते. चित्रकाराने हे लक्षात घेतले नाही तर मांडणी करणारा अक्षर बारीक करतो किंवा चित्रावर पांढरी पट्टी टाकतो, आणि दोन्ही गोष्टींनी पान मरते.

डमीवरून मोठी कच्ची रेखाटने होतात आणि ती संपादकाकडे जातात. या टप्प्यावर मंजुरी लेखी घ्यावी. तोंडी ‘छान आहे, पुढे चला’ यावर पुढे जाऊ नये. ईमेलवर दोन ओळी पुरतात. त्यात बदलांच्या किती फेऱ्या मोबदल्यात धरल्या आहेत हेही लिहावे. मी दोन फेऱ्या धरतो, आणि रंगकाम सुरू झाल्यानंतर रचनेत बदल सांगितला तर त्याचे वेगळे पैसे घेतो. सुरुवातीला हे सांगताना मला फार संकोच वाटत असे. पुढे अनुभव असा आला की, नीट काम करणारे संपादक उलट यामुळे निर्धास्त होतात, कारण त्यांनाही कोणत्या दिवशी काय ठरवायचे आहे हे कळते.

रंगकामावर फार लिहीत नाही, ते तुम्ही शिकलेल्या आहात. सोलापूरपुरती एकच गोष्ट सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा जलरंगाचा मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कागदावर पसरण्याआधीच वाळतो आणि कडा उमटतात. मी त्या दोन महिन्यांत पहाटे पाच ते नऊ एवढेच रंगकाम करतो, कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घेतो आणि पंखा बंद ठेवतो. दुपारी रेषा, वाचन आणि पत्रव्यवहार. छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जादा भाग, द्यावा, रंगीत चित्र प्रत्यक्ष आकारात किमान ३०० डीपीआयने आणि निव्वळ रेषांचे चित्र ६०० किंवा त्याहून अधिक डीपीआयने स्कॅन करावे, आणि दुपानी चित्रात मधल्या शिवणीवर कोणाचा चेहरा येऊ देऊ नये. पडद्यावर झळकणारा भगवा आणि पोपटी रंग चार रंगांच्या छपाईत मंदावतोच. म्हणून चित्र संगणकावर करत असाल तर फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांत, पाहत चला, म्हणजे छापलेली प्रत हाती आल्यावर धक्का बसणार नाही.

वेळेचा माझा हिशेब असा. २४ पानांच्या चित्रमय पुस्तकाला वाचन आणि प्रत्यक्ष पाहणी यांना दोन आठवडे, डमी आणि कच्ची रेखाटने यांना चार ते पाच आठवडे, मंजुरीची वाट पाहण्यात दोन-तीन आठवडे आणि रंगकामाला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे साडेतीन महिने धरावेत. वाट पाहण्याच्या आठवड्यांत दुसरे लहान काम बसते, आणि तसे ते बसवावेच लागते. दिवाळी अंकातल्या एका कथेच्या चित्राला मला चार दिवस लागतात, त्यांपैकी प्रत्यक्ष काढण्याचा वेळ जेमतेम दीड दिवस.

पैसे ठरवताना ‘बाकीचे किती घेतात’ इथून सुरुवात करू नये. स्वतःच्या घरखर्चापासून करावी. समजा, तुमचा घरखर्च महिना २५,००० रुपये आणि कागद, रंग, वीज, इंटरनेट, दुरुस्ती यांचे ५,००० रुपये, असे ३०,००० लागतात. महिन्यात पैसे मिळवून देणारे दिवस तीस नसतात. पत्रव्यवहार, हिशेब, आजारपण आणि रिकामे दिवस वजा केले की साधारण १४ उरतात. म्हणजे तुमच्या एका दिवसाचे किमान मोल सुमारे २,१५० रुपये झाले, आणि ४० दिवस खाणाऱ्या पुस्तकाचे ८६,०००. प्रकाशकाकडे तेवढे पैसे नसतील, आणि मराठीत पुष्कळदा खरोखरच नसतात, तर दिवसाचा दर कमी न करता काम कमी करावे. पूर्ण रंगाऐवजी दोन रंग, वीस चित्रांऐवजी बारा, किंवा मागे पार्श्वभूमी नसलेली चित्रे, असे पर्याय स्वतःहून समोर ठेवावेत. दोन रंगांत फार सुंदर पुस्तके होतात. रक्कम तीन टप्प्यांत मागावी: सुरुवातीला ३० टक्के, कच्च्या रेखाटनांना मंजुरी मिळाल्यावर ४० आणि अंतिम फाइली देताना ३०. आपल्याकडे याला ‘मानधन’ म्हणण्याची पद्धत आहे. मी बिलावर ‘चित्रांचे शुल्क’ असे लिहितो, कारण मानधन हा शब्द देणाऱ्याच्या सोयीने पुढे ढकलला जातो असे मला आढळले आहे.

बिलातून १० टक्के टीडीएस कापला गेला तर तो बुडाला असे समजू नका. तो प्राप्तिकर खात्याकडे तुमच्या नावावरच्या कर-जमा नोंदीत दिसतो, आणि तुमचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी मात्र जरूर करून घ्यावी. ती विनाशुल्क आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म व्यवसायाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. मी बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापतो. व्याज मागण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही, पण तो क्रमांक छापायला लागल्यापासून पैसे लवकर येऊ लागले.

कराराबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकासाठी मी लोककथांची बारा चित्रे केली होती. कागदावर काहीही नव्हते. दोन वर्षांनी तीच चित्रे मला एका दिनदर्शिकेवर दिसली, खाली माझे नाव नव्हते, आणि विचारल्यावर ‘पैसे दिले होते ना’ असे उत्तर मिळाले. त्या रात्री मी १९५७चा कॉपीराइट कायदा पहिल्यांदा वाचला. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक चित्रकाराला पाठ असाव्यात. कलम १७ प्रमाणे चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकारच असतो, परंतु पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेले पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र असेल आणि उलट करार केलेला नसेल, तर ती मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. म्हणजे गप्प राहिल्याने नुकसान होऊ शकते ते आपले. कलम १९ प्रमाणे हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यानंतरही चित्र आपले आहे असे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. तेव्हापासून मी एका पानाचे पत्र करतो. त्यात चित्रांची संख्या, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या भाषेतल्या आवृत्तीसाठी वापर, किती वर्षे, मूळ चित्रे माझ्याकडे परत, नाव कुठे छापायचे आणि इतर कोणत्याही वापरासाठी वेगळी परवानगी, एवढेच असते. आजवर दोनच जणांनी सही नाकारली आणि ती कामे मी घेतली नाहीत.

वर्षाची लय ओळखून घ्या. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून चालत आली आहे आणि चित्रकारासाठी ती आजही मोठी दारे उघडते. कथा जून-जुलैपासून येतात, चित्रे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागतात, पैसे पुष्कळदा तुळशीच्या लग्नानंतर येतात. त्यामुळे पावसाळ्याचा घरखर्च उन्हाळ्यातल्या कामातून बाजूला काढून ठेवावा लागतो.

राहता राहिला सोलापूर सोडण्याचा प्रश्न. फाइली इथून जातात, बैठका फोनवर होतात, घरभाडे पुण्याच्या मानाने पुष्कळ कमी आहे. वर्षातून दोनदा मी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो, डमी हातात घेऊन संपादकांना भेटतो, जमल्यास एखाद्या छापखान्यात उभा राहून पाने निघताना पाहतो आणि रात्री परत येतो. तेवढे पुरते. शिवाय एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे, त्यांचे वेगवेगळे पदर, वेगवेगळी स्वयंपाकघरे आणि रांगोळ्या, हे पाहण्याजोगे धन इथे दारातच आहे.

संपादकांना नमुने पाठवाल तेव्हा नटनट्यांची व्यक्तिचित्रे आणि परीक्षेतली स्थिरचित्रे काढून टाका. दहा-बारा चित्रे पुरेत, पण त्यांत एकच व्यक्ती सलग सहा पानांवर ओळखू येईल अशी दिसली पाहिजे, कारण पुस्तकाचे काम देताना संपादक हेच शोधत असतो. तुमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी एखादीची परवानगी घेऊन दोन सकाळी तिच्याजवळ बसा. ओलवलेली पाने पत्र्याच्या मापाने कातरताना, मांडीवरच्या सुपातून पानात तंबाखू भरताना, दोऱ्याचा वेढा देताना, मध्येच मुलाची वेणी घालताना आणि तयार विड्या घेऊन कारखान्याकडे निघताना तिचे खांदे आणि मान कशी बदलते ते टिपा. मग त्यातून शब्दांशिवाय सहा पाने रचा, कागद दुमडून शिवा, आणि येत्या चैत्रात दिवाळी अंकांच्या संपादकांना पाठवाल त्या नमुन्यांत ती डमी सर्वांत वर ठेवा.